खंदारे मॅडमच्या चिठ्ठ्या

खंदारे मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. बाकीच्या माणसांचा वर जातो. आमच्या सेलूकडं तर तीन गल्ल्यांना ऐकू गेल्याशिवाय ते भांडण वाटतच नाही. मॅडमचं उलटं. ‘उमा, जरा इकडं ये,’ हे वाक्य त्या जितकं हळू म्हणत तितकी माझी पाचावर धारण बसायची. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, आणि त्यातली निम्मी तरी आज आवाज कुठल्या पट्टीत आहे ते कान देऊन ऐकण्यातच गेली.

परभणीहून जिंतूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची संस्था. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. तिथं एनएमआरचं, म्हणजे चुंबकात ठेवून रेणूंची हालचाल मोजणारं, यंत्र होतं. ‘परभणीत? एनएमआर?’ असं पुण्यामुंबईचे पाहुणे विचारायचे, आणि विचारताना भुवया अशा वर न्यायचे की त्यांना चहासुद्धा देऊ नये वाटायचं. होतं बाबा! एका औषध कंपनीनं जुनं म्हणून काढलेलं, पण चालू. माणसाहून उंच स्टीलचं पिंप, त्याच्या पोटात चुंबक आणि चुंबक थंड ठेवायला द्रव हेलियम. ते हेलियम लांबून ट्रकनं यायचं. उन्हाळ्यात येलदरी धरणात किती पाणी उरलं ते जसं अख्खं परभणी बघत असतं, तशा मॅडम रोज सकाळी हेलियमची पातळी बघायच्या.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या, कायम सुती साडीत. अंगावर लोखंडाचा कण नाही. साडीला पिन नाही, केसांत आकडा नाही, चपलेला बक्कल नाही. चुंबकाच्या खोलीत लोखंड चालत नाही म्हणून लागलेली सवय, पण ती इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचा पदर घसरत राहायचा आणि त्या डाव्या हातानं तो धरून जेवायच्या. घड्याळ नव्हतंच. वेळ मला विचारायच्या, मी सांगितली की तीच पुन्हा शिपायाला विचारायच्या. पहिले काही महिने मला ह्याचा भयंकर राग यायचा. मी काय खोटी वेळ सांगते का, असं मनात म्हणायचे.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी पेन्सिलीपेक्षा बारीक अशी काचेची नळी माझ्या हातात दिली. ‘काय दिसतंय?’

मी हुशारी करायला गेले. ‘प्रथिनाचं द्रावण.’

‘ते तुला माहीत आहे. दिसतंय काय?’

‘पाणी.’

‘हां. जे दिसतं ते आधी बोलायचं, माहीत असलेलं मागनं.’ एवढीच मुलाखत. घेतलं मला, पीएचडीला.

आमचं काम काय होतं ते मी सांगण्यापेक्षा मॅडमनी आमच्या अप्पांना कसं सांगितलं तेच सांगते. अप्पा म्हणजे माझे वडील. देवगाव फाट्याला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. पोरगी चार-चार दिवस एका पिंपापाशी बसून करते तरी काय, हे बघायला एकदा शेंगांची पिशवी घेऊन आले. दारात मॅडमनी त्यांना थांबवलं. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. आम्ही लिंगायत, ते अंगावरून उतरवायचं नसतं. आणि दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, धातूच्या सगळ्या वस्तू बाहेर.

मॅडमनी डबीकडं बघितलं. ‘चांदी आहे का?’

‘चांदीच हाय, बाई.’

‘मग राहू द्या. चांदीला चुंबक ओढत नाही. किल्ल्या तेवढ्या उमाकडं द्या.’

आत गेल्यावर अप्पांनी विचारलं, ‘बाई, ह्यात हलतंय काय नेमकं?’ मॅडमनी पितळेचा तांब्या मागवला, रिकामा. पितळी चमच्यानं वाजवला. आवाज बराच वेळ घुमला. मग अप्पांना म्हणाल्या, ‘आता कडेला बोट लावा,’ आणि पुन्हा वाजवला. आवाज लगेच मेला. ‘आमी एवढंच करतो, अप्पा. तुरीच्या दाण्यात एक बारकं प्रथिन असतं. लांब माळ गुंडाळून ठेवावी तसं. शेंगा पोखरणारी अळी तूर खाते तेव्हा त्या माळेचा एक वळसा तिच्या पाचकरसात अडकतो आणि तिचं पोट बिघडतं. आमी चुंबकात ती माळ वाजवतो. जो मणी हलत असतो त्याचा आवाज लवकर मरतो. किती लवकर, ते मोजतो.’

‘मग हलतो का वळसा?’

‘तेच तर नऊ वर्षं बघायलेय. हलत असला तर अळीनं पाचकरस बदलला तरी हा जुळवून घेईल. ताठ असला तर एक दिवस अळी ह्याला चुकवणार.’

अप्पांना पटलं. बियाणांचा माणूस, अळी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. चहा आला. चहा हातात घेता घेता अप्पा म्हणाले, ‘तुमी चारठाण्याच्या म्हणे. कोणत्या गल्लीतल्या?’

असला प्रश्न आमच्याकडं कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मॅडम मात्र सरळ म्हणाल्या, ‘बुद्धविहाराला लागून घर आहे. खंदारे गुरुजींची मुलगी मी.’ अप्पांनी हातातल्या कपाकडं बघितलं. मग चहा प्यायले, बशीत ओतून, अगदी शेवटच्या घोटापर्यंत. गुरुजींचं नाव ऐकून आहे म्हणाले. मी नंतर मॅडमची माफी मागायला गेले तर त्यांनी मला उडवून लावलं.

‘चहा प्यायले ना? मग झालं. दुसरं सांगते ते ऐक. पुण्यातल्या प्रयोगशाळेचा आकडा चुकला तर लोक म्हणतात, यंत्र बिघडलं असेल. आपला चुकला तर म्हणणार, परभणीचंच ते. आणि माझा चुकला तर...’ त्यांनी पदर सावरला. ‘माझा चुकला तर माझ्या नोकरीची जाहिरात कुठल्या राखीव जागेची होती ते काढून बघणार. तेव्हा माझा आकडा चुकता कामा नये. तुला उगं छळत नाही मी.’

ह्या वाक्यातला ‘उगं’ मला तेव्हा लागला. बाकीचं वाक्य समजायला फार वेळ लागला, आणि समजलं तेव्हा उशीर झाला होता.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. मोजणी अशी असायची: माळ वाजवायची, थोडं थांबायचं आणि मग प्रत्येक मण्याचा आवाज किती उरला ते बघायचं. संगणकावर एकेका मण्याचा एकेक ठिपका दिसतो. जास्त थांबलं की ठिपका फिका. असं दहा वेगवेगळ्या वेळा थांबून बघायचं, आणि ते सगळं व्हायला चार दिवस लागायचे. कुणीही शहाणा माणूस कमी वेळापासून जास्त वेळाकडं चढत जाईल. मॅडम नाही. त्या दहाही वेळा दहा चिठ्ठ्यांवर लिहायच्या, वर अकरावी एक चिठ्ठी आधीच्याच एका वेळेची, घड्या घालून बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या आणि बाबूमियाँला बोलावायच्या.

बाबूमियाँ आमचे शिपाई. डब्यात हात घालण्याआधी ते तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायचे, डोळे मिटायचे आणि एकेक चिठ्ठी काढून द्यायचे. ज्या क्रमानं चिठ्ठ्या निघतील त्या क्रमानं मोजणी. तो क्रम वहीत लिहायचा, मग यंत्रात भरायचा. ‘मॅडम, लॉटरी लागली का?’ असं ते दर वेळी विचारायचे, आणि दर वेळी मॅडम हसायच्या. पहिल्या दिवशी मी म्हणाले, ‘मॅडम, हे संगणक करतो की! एक बटण दाबलं की क्रम विस्कटतो.’

‘संगणकानं विस्कटलेला तू वाचत नाहीस. हातानं लिहिलेला वाचतेस.’

ह्या उठाठेवीचं कारण साधं होतं. चार दिवसांत नळीतलं प्रथिन हळूहळू खराब होऊ शकतं, आणि ते खराब झालं तरी ठिपका फिकाच पडतो. चढत्या क्रमानं गेलात तर ठिपका हालचालीनं फिका पडला की नासल्यानं, हे कळायला मार्गच उरत नाही. क्रम विस्कटलेला असला की नासणं लगेच उघडं पडतं. आकडे वेडेवाकडे येतात, बघणाऱ्याला संशय येतो. मला हे सगळं ठाऊक होतं. परीक्षेत मी ह्यावर दोन पानं लिहिली असती. तरी मला तो बिस्किटाचा डबा बघितला की हसू यायचं, खोटं कशाला बोलू?

मॅडम कुणाला भीत नव्हत्या, म्हणजे माणसांना. एकदा एक बडे पाहुणे यंत्र बघायला आले. सोबत संचालक, फुलं, फोटोवाला आणि कमरेला पिस्तूल लावलेला अंगरक्षक. चुंबकाच्या खोलीत जमिनीवर लाल पट्टा मारलेला आहे, त्याच्या पलीकडं लोखंड नेलं की चुंबक ते ओढून घेतो. अंगरक्षक पट्ट्याकडं निघाला. मॅडम मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

‘साहेबांना सोडून थांबता येत नाही,’ तो म्हणाला.

‘मग साहेबांना पण इथंच थांबवा.’

संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅडमनी दोऱ्याला बांधलेला एक खिळा पट्ट्याच्या आत धरला. खिळा दोऱ्यासकट आडवा झाला आणि चुंबकाकडं ताणून राहिला. आवाज खाली आणून त्या अंगरक्षकाला म्हणाल्या, ‘हा खिळा आहे. तुमच्या कमरेला काय आहे?’ सगळे दोन पावलं मागं सरकले. पाहुणे हसले, फोटो लाल पट्ट्याच्या अलीकडंच निघाला. संचालक मात्र हसले नाहीत, आणि त्यांनी ते मनात ठेवलं.

अशा बाईच्या हाताखाली मी ती गोष्ट केली.

मे महिना होता. चुंबकात वाजेल असा विशेष नायट्रोजन घालून वाढवलेलं प्रथिन तयार करायला आम्हाला दोन महिने लागले होते आणि त्यातून एकच नळी भरली होती. मोजणी सुरू करायच्या दिवशीच सकाळी चारठाण्याहून फोन आला. गुरुजींची तब्येत एकदम बिघडली होती. मॅडम तशाच निघाल्या. जाताना दहादा सांगितलं, ‘तापमान नळीतलं बघ, पडद्यावरचं नको. चिठ्ठ्या काढ. काही झालं तर फोन कर.’

बाबूमियाँ पुतणीच्या लग्नाला बोरीला गेलेले. दुपारपर्यंत वीज दोनदा गेली, जनरेटर सुरू करायला माणूस मिळेना, उकाड्यानं जीव नकोसा झाला. मी बिस्किटाचा डबा उघडला, बघितला आणि परत बंद केला. मरू दे, म्हटलं. यंत्रात चढती यादी आधीच भरलेली होती, कुणीतरी शिकवण्यासाठी ठेवलेली. दहा आकडे, लहानाकडून मोठ्याकडं. तीच लावली आणि सुरू केलं.

तासाभरानं फोन आला. ‘चिठ्ठ्या काढल्या?’

‘हो, मॅडम.’

‘बाबूमियाँ तर नाहीत. कुणी काढल्या?’

‘फाटकावरच्या वॉचमननं.’

बघा, एक खोटं बोललं की दुसरं किती पटकन तयार असतं. ‘बरं. वहीत लिही,’ म्हणाल्या. मागं बायांचा रडण्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला आणि वहीत अकरा आकडे मनानं मागंपुढं करून लिहिले. सुरू झालेली मोजणी तेव्हाही थांबवता आली असती. तासाभराचीच तर झाली होती. मी थांबवली नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुजी गेले.

आठवड्यानं मॅडम आल्या त्या थेट प्रयोगशाळेत. डोळे सुजलेले. मी पडद्यावर निकाल लावून ठेवला होता. वळशातले सहा मणी बाकीच्या माळेपेक्षा भराभर फिके पडले होते. सहाच्या सहा! मॅडम बराच वेळ उभ्या राहिल्या. मोजणीचा निकाल बघताना त्या कधी बसायच्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हलतोय गं.’ एवढंच. त्यांनी वही उघडली, मी लिहिलेला क्रम बोट ठेवून वाचला आणि खाली सही केली. एरवी त्या वहीतला क्रम आणि यंत्रातली यादी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायच्या, माझ्या सहा वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या. त्या दिवशी चुकल्या.

लेख छापून आला. संचालकांनी पेढे वाटले, स्थानिक पेपरात मॅडमचा फोटो आला. मॅडमनी त्या लेखाची एकच प्रत छापून घेतली आणि चारठाण्याच्या ज्या शाळेत गुरुजींनी शिकवलं तिथं नेऊन दिली. माझं नाव त्यांच्या नावाच्या शेजारी होतं. अप्पांनी ते पान दुकानात काचेखाली लावलं. मी मूग गिळून बसले. मनाची समजूतही घातली होती: चढत्या क्रमानं मोजलं म्हणून आकडा चुकलाच असं थोडंच आहे?

दीडएक वर्षानं, एका सकाळी, परदेशातल्या कुठल्यातरी प्रयोगशाळेतून पत्र आलं. भाषा सभ्य होती. तेच प्रथिन आम्ही मोजलं, आमच्याकडं वळसा ताठ दिसतो. तुमच्या मोजणीच्या मूळ फाइली पाठवता का?

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या खूश झाल्या. ‘कुणीतरी वाचलंय म्हणजे! काढ फाइली. पाठवायच्या आधी आपण बघू.’

‘मी पाठवते ना, मॅडम. तुम्ही कशाला...’

‘दोघी बघू.’

त्या फाइली जुन्या संगणकावर होत्या. तो सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. मॅडम माझ्या खुर्चीमागं उभ्या. पंखा घरघरत होता. सांगायचं तर आत्ताच, असं मी मनात म्हणत होते, आणि पडद्यावर एकेक ओळ येत होती. तापमानाची नोंद उघडली, बरोबर निघाली. मग मॅडम म्हणाल्या, ‘यादी काढ.’ मी माउसवर बोट ठेवलं. ‘मॅडम, चिठ्ठ्या...’ असं म्हणत तोंड उघडलं तेव्हा यादी पडद्यावर आली होती. मी आधी बोलले की यादी आधी दिसली, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. आधी बोलले असेन असं वाटावंसं वाटतं.

दहा आकडे. लहानाकडून मोठ्याकडं. अकरावा नाहीच.

मॅडमनी वही काढली. आपली सही बघितली. मी रडायला लागले, तर त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी त्या हळू आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. नेहमीच्याच आवाजात विचारलं, ‘ती नळी फेकली का?’

‘नाही. मोजणी संपली त्याच दिवशी गोठवून ठेवलीय.’

‘आण.’

प्रथिन तुटलंय की अखंड आहे हे बघायची एक साधी रीत असते. पातळ जेलीच्या चकतीत थेंब सोडायचा, वीज द्यायची, मग रंग द्यायचा. अखंड असलं तर एक निळी पट्टी, तुटलं असलं तर दोन. दीड तासाचं काम. त्या दीड तासात मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या आणि मी स्टुलावर. बाबूमियाँ चहा घेऊन आले, आमच्याकडं बघून कप ठेवून गुपचूप निघून गेले. एकदा मॅडमनी विचारलं, ‘किती वाजले?’ मी सांगितलं. त्यांनी बाहेर जाऊन बाबूमियाँना विचारलं. पूर्वी ह्याचा मला राग यायचा. त्या दिवशी तोंडात मारल्यासारखं झालं.

रंग धुऊन निघाला. दोन पट्ट्या.

वळसा हलत नव्हता. त्या चार दिवसांत तो नळीतल्या नळीत कापला जात होता. म्हणून त्याच सहा मण्यांचे ठिपके भराभर फिके पडत गेले. क्रम विस्कटलेला असता तर निकाल बघताक्षणी दिसलं असतं. तरी मॅडमनी दोन महिने घालून नवी नळी तयार केली, चिठ्ठ्या काढल्या आणि पुन्हा मोजलं. ताठ. खांबासारखा ताठ. इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते छापलेल्या उत्तराच्या बरोब्बर उलटं होतं.

संचालकांनी आम्हाला बोलावलं. त्यांना मार्ग सापडला होता. ‘विद्यार्थिनीनं हलगर्जीपणा केला, असं लिहून द्या. सगळीकडं असंच लिहितात. संस्थेवर येत नाही, तुमच्यावर पण येत नाही.’ माझ्याकडं त्यांनी असं बघितलं जशी मी तिथं नाहीच. आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. हलगर्जीपणा मीच केला होता, वर खोटं बोलले होते.

मी म्हणाले, ‘लिहा, मॅडम. माझं नाव लिहा.’

‘वहीवर सही कुणाची आहे?’

‘तुमची. पण मी खोटं...’

‘तू खोटं बोललीस. मी न बघता सही केली. जगाला मी सांगितलं होतं की मी बघते.’ मग संचालकांकडं वळून म्हणाल्या, ‘सर, पोरीची पदवी व्हायची आहे. तिचं नाव आलं तर आयुष्यभर कुणी तिला यंत्राला हात लावू देणार नाही.’

‘आणि तुमचं आलं तर?’

काय होणार ते संचालकही जाणून होते आणि आम्हीही.

लेख मागे घेतल्याचं पत्र मॅडमनी स्वतः लिहिलं. मोजणीचा क्रम विस्कटलेला नव्हता, प्रथिन मोजणीच्या काळात तुटलं, तपासणीत माझ्याकडून चूक झाली, जबाबदारी माझी. सही. महिन्याभरात यंत्राचा ताबा त्यांच्याकडून काढून घेतला. नवा माणूस आला, बाहेरून शिकून आलेला, चांगला होता. मॅडमना पदविकेच्या वर्गांना शिकवायला दिलं. चुंबकाच्या खोलीची किल्ली सोपवताना त्यांनी त्या माणसाला हेलियमची वही पान न् पान समजावून सांगितली. माझा प्रबंध तो भाग वगळून, नव्या आकड्यांवर पुरा झाला. पदवी मिळाली. अप्पांना मी खरं सांगितलं तेव्हा त्यांनी काचेखालचं पान काढलं आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. आता मी एका कॉलेजात शिकवते. बरं चाललंय.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते नांदेडच्या एका चर्चासत्रात. त्यांनी आयोजकांना स्वतःहून पत्र लिहून पंधरा मिनिटं मागून घेतली होती. लेख मागे घेतला एवढं पुरेसं नाही, म्हणाल्या, ज्यांनी तो आकडा वापरला असेल त्यांना समोर सांगितलं पाहिजे. मी मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होते. सभागृह भरलेलं. मॅडम व्यासपीठावर आल्या. पदर डाव्या हातात धरलेला. पहिलं चित्र लावलं ते दोन निळ्या पट्ट्यांचं. ‘आम्ही छापलेला आकडा चुकीचा होता,’ असं म्हणून सुरुवात केली. कसा चुकला, कसा सापडला, खरा किती, सगळं सांगितलं. कुठं आवाज कापला नाही.

बोलणं संपलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. मोठ्या संस्थेचे असावेत, माइक हातात घेण्याची पद्धतच तशी होती. ‘मॅडम, यादी यंत्रात भरली कुणी? विद्यार्थ्यानं की तुम्ही?’

मी उठले. कसं उठले कोण जाणे, खुर्चीचा केवढा तरी आवाज झाला. ‘ती यादी...’

‘उमा, बस खाली,’ मॅडम माइकवरून म्हणाल्या. ‘प्रश्न मला विचारलाय.’

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या होत्या. मॅडमनी त्या गृहस्थांकडं बघितलं. ‘प्रयोगशाळा माझी, वही माझी, सही माझी. चूक माझी.’

माझ्या मागं दोन माणसं बसली होती. एकानं दुसऱ्याच्या कानाला लागून काहीतरी म्हटलं आणि दोघंही हळूच हसले. शब्द मला ऐकू आले नाहीत. ऐकू यायची गरज नव्हती. मी उभीच होते. यादी मी भरली, खोटं मी बोलले, एवढंच म्हणायचं होतं, चार-पाच शब्द. मॅडम व्यासपीठावर पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभ्या होत्या, एकट्या.

मी बसले.